नाकाच्या वरची गाठ

माझे सासरे घोडा झाले असताना कणकेच्या टेबलाच्या लोखंडी कोपऱ्यावर आपटले, म्हणून आम्हाला कळलं की त्यांच्या डोक्यात गाठ आहे.

पाठीवर आमची मुंगी होती. तिचं खरं नाव वेगळं आहे, पण रांगायला लागल्यापासून ती घरातल्या कुठल्याही कोपऱ्यातून थेट साखरेच्या पोत्याकडे निघायची, म्हणून मुंगी. आजोबांच्या कपाळातून भळाभळा रक्त येत होतं आणि ही पाठीवरून "अजून, अजून" करत होती. मी तिला ओढून काढलं, नवऱ्यानं बाबांना उचललं आणि पिठानं माखलेल्या अवतारातच आम्ही दवाखान्यात पोचलो.

तिथल्या तरुण डॉक्टरनं विचारलं, कसं लागलं. बाबा हसून म्हणाले, "घोडा झालो होतो. वळणावर अंदाज चुकला." डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, खरंय, घोडाच झाले होते. मग त्यानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की एक खाट माझ्यासाठीही तयार ठेवावी की काय. म्हातारा माणूस, डोक्याला मार, बोलणं असं. सावधगिरी म्हणून डोक्याचा फोटो काढून घेऊ म्हणाला. मार किरकोळ निघाला, टाके घालून भागलं. पण फोटोत जखमेच्या मागे, नाकाच्या मुळाच्या बरोबर वर, चांगली लिंबाएवढी काहीतरी वस्तू आरामात बसलेली होती.

इथे आमच्या घराबद्दल थोडं सांगायला हवं. आमची बेकरी आहे. पुढे दुकान, मागे भट्टी, वर आम्ही. बेकरीत घड्याळ आहे, पण त्याच्याकडे पाहून कोणी पाव काढत नाही. पाव भट्टीतून कधी काढायचा हे तेव्हा बाबांचं नाक ठरवायचं. ते भट्टीच्या तोंडाशी उभे राहायचे, डोळे मिटायचे आणि "काढा" म्हणायचे. काढा म्हटलं की काढायचं, अजून म्हटलं की थांबायचं. माझा नवरा लहानपणापासून तिथे राबतोय, भट्टीवरचे उस्ताद त्याच्याही आधीपासून आहेत, पण त्या दोघांना स्वतःचं नाक वापरायची कधी परवानगीच नव्हती.

आणि बाबांचा राग. त्याच्या गोष्टी मी लग्नानंतर ऐकल्या. त्यांनी म्हणे एकदा वाकडा कापलेला केक गिऱ्हाइकाच्या हातातून परत घेतला होता. माझ्या नवऱ्याला दहावीचा निकाल त्यांना सांगायची हिंमत होईना, म्हणून तो दोन दिवस मावशीकडे राहिला, आणि तो पास झाला होता. उस्ताद अजूनही ट्रे पडल्याचा आवाज झाला की खांदे आखडून घेतात. सासूबाई, म्हणजे आई, सांगायच्या की त्यांचा सगळा संसार वाऱ्याकडे पाठ करून उभं राहण्यात गेला.

मला हे सगळं तिखटमीठ लावलेलं वाटायचं. कारण मी पाहिलेले बाबा निराळेच होते. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच सकाळी त्यांनी मला गरम पाव हातात दिला आणि म्हणाले, "खा गं पोरी, इथे सगळे उभ्यानंच खातात." मुंगी झाली तेव्हा दवाखान्यात सगळ्यांत आधी तेच आले. मी रात्रभर जागून सकाळी रडायला लागले की ते मुंगीला उचलून पिठाच्या पोत्यांमागे न्यायचे आणि तिला विनोद सांगायचे. तेच तेच विनोद. गिऱ्हाइकांनाही सांगायचे, आणि विनोदाबरोबर एक पाव फुकट. माहेर माझं लांब, नवरा दिवसभर कणकेत, आई त्यांच्या कामात. त्या घरात माझं म्हणावं असं माणूस ते होते.

तर आम्ही सर्जनबाईंच्या खोलीत बसलो. बाई बारीक चणीच्या, आवाज हळू. त्यांनी विचारलं, गेल्या तीन-चार वर्षांत यांच्या स्वभावात काही बदल?

आई म्हणाल्या, बदल आहे की, फार चांगला बदल आहे. पूर्वी हे भयंकर तापट होते. पण मी कधी उलट बोलले नाही, सगळं गिळलं, त्याचं फळ शेवटी मिळालं. नवरा म्हणाला, तसं नाही, मी कामाचा भार उचलला ना अंगावर, तेव्हापासून बाबा निवांत झाले. मला राहवेना. मी म्हटलं, नात झाल्यावर माणूस बदलतोच. बाबा स्वतः मधे बसून सगळ्यांच्या बोलण्यावर प्रेमानं मान डोलवत होते.

बाईंनी आम्हा तिघांचं ऐकून घेतलं आणि कॉम्प्युटरचा पडदा आमच्याकडे वळवला. ही गाठ, त्या म्हणाल्या. मेंदूवरच्या आवरणातून वाढलेली. या जागी तशी क्वचित होते. बहुतेक साधीच असते, कॅन्सरची नसते, पण वर्षानुवर्षं हळूहळू वाढते आणि मेंदूचा पुढचा भाग मागे रेटते. माणसाचा राग, लाज, चिंता, कुठे थांबायचं याचं भान, सगळं त्या भागात. काही माणसं त्यामुळे विचित्र वागतात, काही गप्प होतात. काही अशी गोड होतात.

श्रेय घ्यायला आलेले आम्ही तिघं, आणि बक्षीस लिंबानं नेलं.

बाईंनी पुढे विचारलं, वास येतो का यांना? आम्ही एकमेकांकडे पाहिलं. बाईंनी एका बाटलीचं बूच काढून बाबांच्या नाकाशी धरलं. मला तिकडे खुर्चीत बसून कॉफीचा घमघमाट येत होता. बाबा म्हणाले, "छान आहे. काय आहे?"

ऑपरेशन करावंच लागेल, बाई म्हणाल्या. नाही केलं तर आधी नजर जाईल, मग फिट्स, मग शुद्ध. केसांच्या रेषेमागून एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत चीर देऊन, कपाळाचं हाड खिडकीसारखं उघडून, गाठ तुकड्यातुकड्यानं काढायची आणि हाड परत बसवायचं. धोका आहे, पण ही गाठ चांगली निघते. वास मात्र बहुधा परत येणार नाही, त्या नसा गेल्या. स्वभाव पुष्कळ अंशी परत येईल.

आई पदराशी चाळा करत होत्या. मग त्यांनी हळूच विचारलं, "सगळीच काढावी लागते का? थोडी ठेवली तर नाही चालणार?"

नवरा ओरडलाच त्यांच्यावर. बाई मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, हे मला याआधीही बायकांनी विचारलंय.

मी खाली मान घालून बसले होते, कारण तोच प्रश्न माझ्या ओठावर आला होता. आईंचा निदान अर्धा थट्टेतला होता. त्या दोघांना त्यांचा माणूस परत मिळणार होता, कसा का असेना. मला कोण मिळणार होतं? मी त्या जुन्या बाबांना ओळखतच नव्हते. एक अनोळखी तापट म्हातारा घरी येणार, आणि माझे बाबा लिंबाबरोबर कुठल्याशा बरणीत जाणार. मुंगीला काय सांगायचं मी? मनात येई आणि स्वतःचीच शरम वाटे. माणूस जगायला हवा, आणि मी त्याचा स्वभाव धरून बसले होते.

ऑपरेशनच्या सकाळी बाबांनी मला जवळ बोलावलं. डोकं गुळगुळीत केलेलं, त्यावर पेनानं रेघ मारलेली. म्हणाले, "पोरी, बाईंना म्हणावं, पाव कापा, भुगा पाडू नका." आणि आपल्याच विनोदावर हसत आत गेले. मला वाटलं, हे शेवटचं हसू. बाहेर आईंनी सगळ्यांसाठी डबा आणला होता तो कोणी उघडला नाही. संध्याकाळ व्हायला आली तेव्हा बाई बाहेर आल्या, टोपी काढून कपाळ चोळत. गाठ सगळी निघाली. रक्तस्राव फार नाही. आता वाट पाहायची.

एक-दोन दिवस ते नुसते झोपून होते, डोळे सुजून टेनिसच्या चेंडूएवढे. मग नर्स दर थोड्या वेळानं येऊन विचारू लागली, नाव काय, आपण कुठे आहोत, कुठला महिना. पहिल्यांदा ते अडखळत बोलले. तिसऱ्या दिवशी मी आणि आई पायथ्याशी उभ्या असताना नर्सनं तेच विचारायला सुरुवात केली, आणि बाबांनी एक सुजलेला डोळा फटीएवढा उघडला.

"रोज तेच विचारता. लिहून का ठेवत नाही?"

नर्स आनंदली. तिनं आईंकडे बोट केलं, ही कोण?

"बायको. भेटायची वेळ कधीच सुरू झाली, ही आत्ता आली."

आई तोंडाला पदर लावून बाहेर पळाल्या. मी मागे गेले तर त्या कॉरिडॉरमधल्या बाकावर बसून रडत होत्या आणि हसतही होत्या. आले गं, म्हणाल्या, आपले परत आले. तीन वर्षं एका पाहुण्याशी संसार केला मी. गोड होता बिचारा, पण भांडायची सोय नव्हती.

मी परत आत गेले. नर्सनं माझ्याकडे बोट केलं. बाबांनी जरा वेळ पाहिलं आणि म्हणाले, "सून." बस्स. पोरी नाही, काही नाही. पत्ता सांगावा तसं.

बाबा घरी आले तेव्हा डोक्यावर लोकरीची टोपी आणि तोंडाला कुलूप. मुंगीनं एवढे दिवस त्यांना पाहिलं नव्हतं. ती धावत गेली, त्यांच्या गुडघ्याला मिठी मारली आणि म्हणाली, "घोडा." त्यांनी तिला अलगद बाजूला केलं. मी घोडा नाही, आजोबा आहे, म्हणाले. मुंगीनं त्यांना खालून वर नीट पाहून घेतलं आणि पुन्हा म्हणाली, घोडा. ते उठून खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. मुंगी दाराला नाक लावून बसली. मी तिला उचलून पिठाच्या पोत्यांमागे नेलं, पण मला त्यातला एकही विनोद धड सांगता येईना.

पुढचे काही आठवडे असेच. चहात साखर कमी, पायरीवर चप्पल वाकडी, मुलगी इतकी का ओरडते. मला ते हाक मारायचेच नाहीत. "कोण आहे तिकडे?" असं विचारायचे, आणि तिकडे नेहमी मीच असायचे. नवरा मला समजवायचा की याहून पूर्वी वाईट होतं, हे तर काहीच नाही. सांत्वन करायची ही एक तऱ्हा आमच्या घरात आहे.

मग डॉक्टरांनी हिंडाफिरायला सांगितलं आणि बाबा खाली बेकरीत उतरले. आम्ही सगळेच दबकत मागे गेलो. सकाळचा माल नुकताच निघाला होता. बाबांनी एक पाव उचलला, उलटा केला, बुडावर बोटानं वाजवला. बूड काळं होतं. त्यांनी उस्तादांकडे पाहिलं. उस्तादांनी छताकडे.

मग त्यांनी पाव नाकाशी नेला. डोळे मिटले. कितीतरी वेळ तसेच उभे. बाईंनी सांगितलं होतं की वास येणार नाही, त्यांनी ऐकलंही होतं. पण ऐकणं वेगळं आणि आपल्याच भट्टीसमोर आपलाच पाव नाकाशी धरून काहीच न मिळणं वेगळं. टोपीखालच्या त्या तोंडावर मी पहिल्यांदा राग नसलेलं काहीतरी पाहिलं. मला एकदम त्यांचा हात धरावासा वाटला, पण तसा धरायचा हात आता कुठला, ते कळेना.

"कसा वास येतोय?" त्यांनी विचारलं.

नवरा म्हणाला, छान. उस्ताद म्हणाले, नेहमीसारखा. आई म्हणाल्या, मस्त सुटलाय.

माझ्या कडेवर मुंगी होती आणि मी आदल्या रात्री झोपले नव्हते, त्यामुळे बहुतेक माझी जीभ सैल असावी. मी म्हटलं, "जळका येतोय. आणि आंबट. कणीक जास्त आंबलीये."

नवऱ्यानं माझा दंड दाबला. बाबा माझ्याकडे वळले. कधीपासून असा निघतोय, विचारलं.

मी खरं तेच सांगितलं. मी लग्न होऊन आले तेव्हापासून असाच आहे. मला वाटलं, आपल्याकडे असाच करतात.

मग काय झालं ते सगळं सांगत नाही. थोडक्यात, ती तीन वर्षं बाबा भट्टीपुढे उभे राहून हसत "अजून थोडं" म्हणत राहिले होते. पहिले काही महिने नवरा आणि उस्ताद भीतीपोटी बोलले नाहीत, आणि पुढे बाबा इतके गोड झाले की कोणाला त्यांचं मन मोडवेना. गिऱ्हाइकं विनोद ऐकून आणि फुकटचा पाव घेऊन जात. बाबांनी प्रत्येकाचा यथास्थित उद्धार केला. नवरा चाळिशीला आला तरी त्याला दहावीच्या निकालाचीच आठवण झाली असणार. मुंगी मात्र भलतीच खूश होती. आजोबा थांबले की ती त्यांच्याच सुरात, बोट नाचवत, उस्तादांना रागवायची. तिला ते शब्द अजून येत नव्हते. चाल बरोबर पकडली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्याखालून आवाज आला, "कोण आहे तिकडे? खाली या. नाक घेऊन या."

तेव्हापासून मी भट्टीच्या तोंडाशी स्टुलावर बसते. मांडीवर मुंगी, समोर धग. बाबा शेजारी उभे. ते विचारतात, मी सांगते. पहिल्याच दिवशी मी म्हटलं, छान वास येतोय. ते खवळले. छान म्हणजे काय, दुधाचा की कवचाचा, ओला की कोरडा? ओल्या पिठाचा वास जाऊन भाजलेल्या धान्याचा येतो, त्याच्या मागोमाग साखर करपायच्या आधीचा एक येतो, तेवढ्यात काढायचं. साखर करपायच्या आधीचा वास कसा असतो हे ते हातवारे करून सांगायचे, आणि मी डोळे मिटून तो शोधायची. चुकले की बोलणी. बरोबर आलं की काहीच नाही, पुढचा ट्रे. पाव सुधारला. एक आजी दुकानात येऊन म्हणाल्या, पूर्वीचा बरा होता, विनोद तरी मिळायचा.

विनोद मलाही हवा होता. एके दुपारी भट्टीत शेवटचा माल होता, नवरा दुकानात, उस्ताद जेवायला गेलेले. मुंगी खाली फरशीवर पिठात बोटं फिरवत बसली होती. मी किती दिवस मनात धरून ठेवलेलं विचारून टाकलं, की बाबा, ती तीन वर्षं तुम्हाला आठवतात का?

ते भट्टीकडेच पाहत राहिले. मला वाटलं, आता काहीतरी तोडून बोलणार.

"सगळं आठवतं," ते म्हणाले. "गाठ काढली त्यांनी. आठवणी नाही काढल्या."

मग पाव काढायच्या फावड्याचा दांडा इकडून तिकडे केला. टोपी सारखी केली. आणि माझ्याकडे न बघता, ट्रे मोजावेत तशा आवाजात म्हणाले, "ही पोर मला आवडायची, ते गाठीमुळे नाही. ते दाखवायची लाज वाटायची नाही, ते गाठीमुळे. आता लाज परत आलीये. घोडा व्हायला गेलो की अंग आखडतं. तेव्हा काय ते तू समजून घे, आणि तिलाही समजव. तुझंही तेच."

"माझं काय?"

"तेच म्हणतोय की. सगळं फोडून सांगू का? काम कर."

मी काम करायला भट्टीकडे तोंड केलं, आणि मला रडू फुटलं. आवाज न करता, पण पुष्कळ. इतके महिने मी ज्यांना गेले समजत होते ते कुठे गेलेच नव्हते. आतच होते, दार लावून. ते माझ्याकडे पाहत नव्हते, मी त्यांच्याकडे पाहत नव्हते, आणि मुंगी हळूच जाऊन त्यांच्या पायजम्याला पिठाचे हात पुसत होती. त्यांनी पाय हलवला नाही. उलट, तिचा तोल जाऊ नये म्हणून जरासा पुढे केला. तसेच आम्ही तिघं किती वेळ होतो कोण जाणे.

पुढून नवरा ओरडत आला. दुकानात धूर येतोय, दिसत नाही का कोणाला?

भट्टीच्या तोंडातून काळा धूर निघत होता. रडून माझं नाक ठार बंद झालं होतं आणि बाबांचं तर होतंच. अख्खा ट्रे कोळसा झाला. बाबांनी तो ओढून बाहेर काढला आणि मग माझ्याकडे वळले. त्या दिवशी पहिल्यांदा तो राग पूर्ण माझ्या वाट्याला आला, ज्याच्या गोष्टी मी ऐकत आले होते. तो उस्तादांवर निघायचा, नवऱ्यावर निघायचा, आईंवर निघायचा, घरच्या माणसांवर निघायचा. तुला स्टुलावर कशाला बसवलंय, भट्टीची शोभा वाढवायला? एवढा चांगला माल, एवढं पीठ, एवढं सगळं माझ्या डोळ्यांदेखत, आणि तुझं लक्ष कुठे? नवरा मधे पडायला निघाला तर त्याच्यावरही दोन शब्द. मुंगी आजोबांच्या शेजारी उभी राहून, एक बोट वर करून, मला तितकीच झापत होती.

मी सरळ उभी राहून ऐकत होते, डोळे गळत, नाक गळत, आणि तोंडावर हसू काही केल्या मावत नव्हतं. ते पाहून बाबा मधेच थांबले. खांद्यावरचा पंचा ओढला आणि माझ्याकडे फेकला.

"नाक पूस आधी," म्हणाले. "धंद्याचं आहे ते."